बेयशेनने न वाचलेली शेवटची ओळ

कोचकोर गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एके काळी नऊशे दहा जोडण्या होत्या. आता एक्केचाळीस आहेत. त्यातल्या वीस सरकारी कचेऱ्यांच्या आणि दवाखान्याच्या. उरलेल्या एकवीस अशा म्हाताऱ्यांच्या, ज्यांनी फोन बंद करण्याचा अर्ज लिहायचा कंटाळा केला. या एक्केचाळीस तारा सांभाळायला बेयशेन पुरेसा आहे. खरं म्हणजे अर्धा बेयशेनही पुरला असता. उरलेला अर्धा रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बोलतो.

गल्लीचा एक ग्रुप आहे. गल्लीत घरं साठ, पण ग्रुपमध्ये माणसं दोनशे चौदा, कारण अर्धी गल्ली राजधानीत, बिश्केकला असते आणि पाव गल्ली मॉस्कोत. या दोनशे चौदा फोनांवर रोज त्याचा चार मिनिटांचा बोलका निरोप येतो. विषय एकच : इंटरनेटवर नवीन काय आलं, कोणत्या कंपनीने काय केलं, आणि आपण त्याचं काय करायचं.

सुरुवात टॉर्चवरून झाली. सहा वर्षांपूर्वी त्याने फोनमध्ये टॉर्चचं ॲप घेतलं आणि तावातावाने पहिला निरोप पाठवला, "मंडळी, हा टॉर्च मला विचारतो, तुमच्याकडचे सगळे नंबर बघू का? कशाला रे बाबा? तुला उजेड पाडायचाय ना? मग माझ्या मेव्हण्याचा नंबर घेऊन काय करणार? माझ्या मेव्हण्याने आजवर कुठे उजेड पाडलाय? नको!"

मेव्हणा ग्रुपमध्येच होता. चार महिने बोलत नव्हता. पण गल्लीला गोडी लागली ती लागलीच. गल्ली त्याला बाइके, म्हणजे थोरला दादा, म्हणते.

बेयशेनचे निकाल तीनच : घ्या, थांबा, नको. आणि नियम एकच. आधी स्वतः आठ दिवस वापरायचं, मग तोंड उघडायचं. एक्स्चेंजच्या जुन्या तक्रारवहीत बरीच कोरी पानं उरली होती. तिथे तो नाव, वापरल्याचे दिवस आणि निकाल अशी नोंद करून ठेवी. घरी जेवण पोचवणारी सेवा गावात आली तेव्हा त्याने आठ दिवस मांती, म्हणजे खिम्याच्या वाफवलेल्या करंज्या, मागवल्या आणि सांगितलं, "आठही दिवस मांती आल्या त्या पलीकडच्या गुलसुनच्याच. माझ्या दारापासून सत्तर पावलं. पाचव्या दिवशी तीच घेऊन आली आणि म्हणाली, बाइके, पाय मोडलेत का तुमचे? पाय मोडले असतील तर घ्या. नाहीतर नको."

सगळ्या प्रश्नांची उत्तरं देणारं बोलकं यंत्र आलं तेव्हा म्हणाला, "मी विचारलं, घोडा खोकतोय, काय करू? ते म्हणालं, फार सुंदर प्रश्न आहे! मग नऊ मुद्दे सांगितले. नववा मुद्दा : जनावरांच्या डॉक्टरला दाखवा. अरे, मग तो पहिला टाक की! तोवर घोडा खोकतोच आहे. थांबा."

आणि एकदा : "अमेरिकेतल्या एका कंपनीने आठ हजार माणसं घरी बसवली, आणि त्याच दिवशी कंपनीचा भाव वर गेला. उद्या आपल्या बिश्केकच्या मिनीबसवाल्याने ड्रायव्हरच काढून टाकला, तर तुम्ही तिकिटाला जास्त पैसे द्याल का? मला हे कळलेलं नाही. कळलं की सांगतो." ते त्याला अजून कळायचं आहे.

या नियमाला बेयशेन सहा वर्षांत एकदाच चुकला. ती सप्टेंबरातल्या गुरुवारची गोष्ट.

सकाळी सहा वीसला चहाचा पहिला घोट घेताना त्याने फोन उघडला आणि बातमी समोर आली : 'अक-शामाल कोचकोरमध्ये ग्राहक-मदत केंद्र उघडणार, साठ जणांना काम.' अक-शामाल म्हणजे राजधानीतली टॅक्सी आणि पार्सलची कंपनी. गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला माणसं लागतात, ती आता इथली घेणार. बेयशेनने खालचा एक परिच्छेद वाचला, साठचा आकडा पुन्हा एकदा पाहिला आणि त्याच्या डोळ्यांपुढे उल्कान एजे उभी राहिली.

उल्कान एजे, म्हणजे उल्कानताई, चौथ्या घरातली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. ती लोकरीच्या शिर्दाक सतरंज्या शिवते आणि गल्लीतल्या प्रत्येकाला अजून सातवीत असल्यासारखं रागावते. तिची एकुलती मुलगी बेगाइम चार वर्षं मॉस्कोत आहे, एका ऑनलाइन दुकानाच्या गोदामात पेट्या भरते. दर शुक्रवारी आईला फोन करते आणि म्हणते, पुढच्या वर्षी येते. उल्कान एजे दर शुक्रवारी म्हणते, बरं.

साठातली एक जागा बेगाइमची, हे बेयशेनने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

आता अशी बातमी घेऊन जायचं तर आमच्याकडे पळत जायचं असतं. आनंदाची बातमी जो पहिल्यांदा आणतो तो दारातूनच 'सुयुंचू!' असं ओरडतो, आणि घरच्यांनी हाताला लागेल ती चांगली वस्तू त्याला द्यायची असते. पहिल्याला वस्तू, दुसऱ्याला चहा. आणि या खेपेला दुसरा कोण असणार हे बेयशेनला पक्कं ठाऊक होतं. औषधांच्या दुकानाचा तुरात. तोही तीच बातमीपत्रं वाचतो, तोही सहालाच उठतो, आणि त्याचं दुकान उल्कान एजेच्या फाटकाला लागून आहे.

"अहो, चहा?" बेयशेनची बायको झुरा म्हणाली.

"आलोच!" बेयशेन म्हणाला, आणि रबरी बूट उलटसुलट चढवून पळाला.

एकसष्टाव्या वर्षी माणूस पळतो म्हणजे लांबून पळाल्यासारखा दिसतो. तुरात शटर वर करत होता, त्याने वळून पाहिलं, काय ते ओळखलं आणि शटर तसंच सोडून दिलं. पण फाटकाची कडी बेयशेनच्या हाताला आधी लागली.

"सुयुंचू! सुयुंचू, एजे!"

उल्कान एजे पिठाच्या हातांनी बाहेर आली. बेयशेनने एका दमात सांगितलं. कंपनी, केंद्र, साठ जागा, इथे, आपल्या कोचकोरात. एजे तशीच वळली. आत गेली आणि पेटीवर घडी करून ठेवलेली शिर्दाक घेऊन आली. लाल आणि काळी, कडेने पांढरी शिंगांची नक्षी. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, ही ती बेगाइमसाठी शिवत होती. दोन हिवाळे लागले होते.

"एजे, ही नको. एखादा रुमाल द्या."

"गप. हाताला लागलं ते दिलं. हाताने चूक केली नाही."

मागे तुरात धापा टाकत होता. "मला?"

"तुला चहा," एजे म्हणाली.

पावणेसातला तिने मॉस्कोला फोन लावला. तिकडे पावणेचार झाले होते, पण बेगाइमची पाळी पहाटेचीच असते. सात दहाला बेयशेनचा निरोप गेला. तो नेहमीपेक्षा मोठ्याने बोलत होता आणि शेवटी म्हणाला, "निकाल : घ्या! डोळे मिटून घ्या!"

दुपारपर्यंत बेयशेन गावाचा नवरदेव होता. मग एक वाजता ग्रुपवर उल्कान एजेचा आवाज आला. तिला निरोप पाठवताना बटण दाबलं की लगेच बोलायचं असतं हे कधी आठवत नाही, म्हणून सुरुवातीला कोंबड्या ऐकू येतात. "बेगाइमशी बोलले. आज पाळी संपली की साहेबाला सांगते म्हणाली, काम सोडते म्हणून. इथल्या पाचला सुटते ती. शाब्बास बेयशेन."

खाली तुरातने लिहिलं : 'बाइके, केंद्र कोणत्या इमारतीत?'

बेयशेनला इमारत माहीत नव्हती. बातमीत असेल म्हणून त्याने ती पुन्हा उघडली, आणि पहिल्यांदाच खालपर्यंत गेला. शेवटची ओळ अशी होती : 'केंद्रासाठी तीन गावांचा विचार सुरू असून कोचकोर त्यांपैकी एक आहे, अंतिम निर्णय डिसेंबरमध्ये.'

तो खुर्चीत बसला. मग उठला. मग एक्केचाळीस तारांच्या कपाटासमोर उभा राहून त्याने बेगाइमला निरोप लिहायला घेतला. 'बेगाइम, थांब,' असं लिहिलं आणि पुसलं. 'बेगाइम, घाबरू नकोस,' असं लिहिलं आणि तेही पुसलं. वाईट बातमी अशी बोटाने कशी पाठवायची? चांगल्या बातमीला एक माणूस पळतो. वाईट बातमी घेऊन एकट्याने जायचं नसतं, घाईने तर नाहीच. पांढऱ्या दाढीचं माणूस सोबत हवं, बसायला हवं, चहा घ्यायला हवा, लांबून लांबून बोलत यायला हवं. ऐकणाऱ्याला सांभाळत सांगायचं असतं. ही रीत त्याच्या आजोबांपासून कोणी मोडली नव्हती, आणि आपण मोडणारे कोण, असं बेयशेनला वाटलं.

तो घरी आला. झुराने सगळं ऐकून घेतलं.

"सुयुंचू घ्यायला एकटे पळालात," ती म्हणाली, "आणि आता वरात हवी का?"

"झुरा, पाच वाजता ती पोरगी नोकरी सोडेल. तिकडे रांगेत दहा जणी उभ्या असतात. संध्याकाळपर्यंत तिची जागा भरली जाईल. तू चल फक्त."

"चलते. पण मी बोलणार नाही. तुम्हीच बोला, तुम्हालाच बोलायची हौस."

दोघं कारिप अक्सकालकडे गेली. अक्सकाल म्हणजे पांढऱ्या दाढीचा वडीलधारा. वय एक्याऐंशी, गल्लीतली सगळ्यांत लांब दाढी, शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे मास्तर. त्यांनी मान डोलावली, म्हणाले, अशा कामाला असंच जावं लागतं. मग काळा कोट शोधला. कोट सापडला तर उंच पांढरी टोपी सापडेना. टोपी सापडली तेव्हा साडेचार वाजले होते.

तिघं उल्कान एजेच्या घराकडे निघाली. पुढे काळ्या कोटातले कारिप अक्सकाल, हात पाठीमागे, पाय सावकाश. मागे खाली मान घातलेला बेयशेन, त्याच्या काखेत गुंडाळलेली शिर्दाक. त्याच्या मागे झुरा, डोक्याचा रुमाल पुढे ओढलेला. तुरात दुकानाच्या दारात होता. त्याने यांना पाहिलं आणि त्याच्या हातातली बाटली खाली ठेवली. मग टोपी काढली.

तेव्हाही बेयशेनच्या लक्षात आलं नाही.

अंगणात उल्कान एजे लोकर पिंजत होती. तिने वर पाहिलं. आधी कारिप अक्सकालांचा कोट पाहिला, मग बेयशेनची मान, मग झुराचा रुमाल. हातातली लोकर खाली पडली.

"या," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता. "बसा."

कारिप अक्सकाल बसले. त्यांनी दाढीवरून हात फिरवला आणि सुरुवात केली, "उल्कान, या जगात माणूस म्हणजे प्रवासी. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली मी वरच्या कुरणात होतो. माझ्याकडे एक करडी घोडी होती. फार गुणी…"

"बेगाइमला काय झालं?" एजेने विचारलं.

"घाई करू नकोस, उल्कान. तर ती घोडी एके दिवशी…"

"माझी पोर गेली का?"

बेयशेनच्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. या गल्लीत काळा कोट, पांढरी टोपी आणि तीन माणसं एकाच कामासाठी येतात. तो असा ताडकन उठला की चहाचे दोन वाडगे आडवे झाले.

"नाही, एजे! नाही! बेगाइम ठणठणीत आहे! जिवंत आहे, पेट्या भरतेय! मी गाढव आहे! बातमी मी शेवटपर्यंत वाचली नाही! तीन गावं आहेत, आपलं त्यातलं एक, डिसेंबरात ठरणार! काम नाहीये अजून! नाहीये काम!"

 कारिप अक्सकालांची घोडी हवेतच थांबली.

उल्कान एजे हळूच खाली बसली. डोक्याच्या रुमालाने तोंड पुसलं. मग हाताशी लोकर पिंजायची काठी होती, ती उचलली आणि बेयशेनच्या पाठीत घातली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा घालताना तिला हसू फुटलं आणि ते आवरेना. हसता हसता रडली, रडता रडता म्हणाली, "काम नाहीये म्हणे! अरे मुडद्या, नुसतं काम नाहीये?"

"नुसतं काम," बेयशेन पाठ चोळत म्हणाला.

"मी सांगत होते, साधे कपडे घालून जाऊ," झुरा म्हणाली. तिने असं काहीही सांगितलं नव्हतं.

"एजे, फोन लावा. पाचला दहा कमी आहेत."

फोन लागला. मागे पट्ट्यावरून पेट्या सरकल्याचा आवाज येत होता. एजेने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. 

"आई, मला माहितेय," बेगाइम म्हणाली. "सकाळी बसमध्येच वाचलं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू सकाळी एवढी हसत होतीस. म्हटलं, आजचा दिवस राहू दे."

एजेने फोन दुसऱ्या कानाला लावला आणि दुसरीकडे बघू लागली. मग बेयशेनच्या हातात देऊन टाकला.

"बेगाइम, माफ कर. पण तुला कसं कळलं?"

"तुमच्यामुळेच की, बाइके. मी तुमचं रोज ऐकते. सहा वर्षांत तुम्ही पहिल्यांदा न वापरता 'घ्या' म्हणालात. वरून म्हणालात, डोळे मिटून. मला वाटलं, यांचं काहीतरी बिघडलंय, म्हणून बातमी उघडून खालपर्यंत वाचली."

बेयशेनने फोन खाली ठेवला. त्याने शिर्दाक एजेपुढे ठेवली.

"उचल ती," एजे म्हणाली.

"अहो एजे, कशाची सुयुंचू? बातमीच खोटी."

"दिलेली सुयुंचू घरात परत घेतली तर चांगली बातमी पुन्हा त्या दाराला येते का? उचल म्हणते ना. बातमी आणशील तेव्हा आणशील. तोवर ती तुझ्या डोळ्यांपुढे असू दे."

कारिप अक्सकाल उठले. "घोडीचं राहिलं," ते म्हणाले.

"घोडीचं सांगा, अक्सकाल," एजे म्हणाली. "आता ऐकते." आणि खरोखरच तिने नवीन चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी सात दहाला बेयशेनचा निरोप आला. चार मिनिटांचा नव्हता. "मंडळी, कालचा निकाल रद्द. बातमी मी अर्धी वाचली. कारण तुरातच्या आधी पोचायचं होतं. बातमी वाचायची सोय चांगली आहे, वाचणारा चांगला नव्हता. बेयशेन : थांबा."

गल्लीने त्याला हिवाळाभर सोडलं नाही. तुरात औषध देताना विचारी, "बाइके, चिठ्ठी शेवटपर्यंत वाचलीत ना?" गुलसुन मांती वाढताना विचारी, "साठ आणू का?" घरी शिर्दाक चुलीजवळ पसरली होती. बेयशेन तिच्यावर पाय ठेवत नसे, वळसा घालून जाई. झुरा मात्र तिच्यावर ऐसपैस बसून मोजे विणी. डिसेंबरात अक-शामालचं केंद्र दुसऱ्याच गावाला गेलं. ही बातमी त्याने शेवटच्या ओळीपासून वर वाचत आणली आणि सात दहाला शांतपणे सांगितली. उल्कान एजेने उत्तरात नुसत्या कोंबड्या पाठवल्या.

फेब्रुवारीत एका सकाळी एक्स्चेंजच्या टेबलावरचा काळा फोन वाजला. त्यावर वर्षभरात फक्त चुकीचे नंबर आले होते.

"सुयुंचू, बाइके!"

"कोण? बेगाइम? या फोनवर?"

"लहानपणी आईने पाठ करून घेतलेला नंबर आहे. सुयुंचू द्या आधी."

"आधी बातमी."

"अक-शामालने घरून काम करणारी माणसं घेतलीत. घरात बसून गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे. माझी निवड झाली. पंधरा मार्चपासून."

बेयशेनने खुर्ची ओढली. "पत्र आलंय?"

"आलंय."

"समोर आहे?"

"आहे."

"शेवटची ओळ वाच."

बेगाइम हसली. "म्हणून तर तुम्हाला पहिला फोन केला. शेवटची ओळ अशी : घरी तारेचं इंटरनेट हवं, मोबाइलचं चालणार नाही. आणि आमची तार तर सहा वर्षांपूर्वी बंद झाली."

बंद झाली होती खरी. त्या वेळी वरून आदेश होता की बंद जोडणीची तार कापून जमा करावी. बेयशेनने ती खांबावरच गुंडाळून ठेवली होती. कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. धडधाकट तार कापायची त्याला लाज वाटली, एवढंच.

"तार आहे," तो म्हणाला. "आजच जोडतो. आधी मी तपासेन, मग तू तिकीट काढ."

"आईला तुम्ही सांगता?"

"छे! तू सांग. मी पळायचं सोडलंय."

दुपारी तो खांबावर चढला. एक्केचाळीसच्या बेचाळीस झाल्या. संध्याकाळी त्याने चुलीजवळची शिर्दाक झटकून गुंडाळली.

"ही कुठे निघाली?" झुराने विचारलं.

"सुयुंचू द्यायची आहे."

"आणि मी बसू कुठे?"

उल्कान एजेच्या खोलीत खिडकीखाली भिंतीला इंटरनेटची नवी पांढरी पेटी बसली होती आणि तिच्यात हिरवा दिवा लुकलुकत होता. एजे तिच्याकडे टक लावून बसली होती. बेयशेनच्या काखेतली गुंडाळी पाहून तिचा आवाज चढला. "परत आणलीस?"

"परत नाही, एजे. ही बेगाइमची. बातमी तिने पहिली मला सांगितली. सुयुंचू तिची झाली."

एजेने गुंडाळी घेतली. शिर्दाक उलगडली, कडेवरून हात फिरवला. "इथला टाका उसवलाय. तुझी बायको बसत होती वाटतं हिच्यावर." मग सुई शोधायला उठली.

बेगाइम मार्चच्या दहा तारखेला आली. त्यानंतर महिनाभर सात दहाच्या निरोपात या कामाचा शब्द नव्हता. एप्रिलच्या मधल्या सोमवारी बेयशेन म्हणाला, "मंडळी, आज घरून फोन घ्यायच्या कामाबद्दल. मी ते वापरलेलं नाही, म्हणून निकाल मी देणार नाही. जिने वापरलंय तिलाच ऐका."

मग बेगाइमचा आवाज आला, मागे कोंबड्या. "पहिल्याच आठवड्यात तीन गिऱ्हाइकांनी शिव्या घातल्या. चौथ्याचं पार्सल दुसऱ्याच गावाला गेलं होतं आणि तो माझ्याशी अर्धा तास त्याच्या दाढेबद्दल बोलला. त्यामुळे थांबा म्हणणार होते." पलीकडे भांडं आपटल्याचा आवाज झाला आणि उल्कान एजे कोणावर तरी ओरडली. "पण आई शेजारच्या खोलीत आहे. घ्या."

दोन मिनिटांनी तुरातने खाली लिहिलं : 'बाइके, शेवटपर्यंत ऐकलं.'